बहात्तर रचनांचा धनी

बरोक काळातील युरोपीय संगीतकारांनी किती लिहून ठेवले आहे, हे पाहिले की छाती दडपते. विवाल्डीच्या नावावर सुमारे ५०० कॉन्सर्टो आहेत. दोमेनिको स्कार्लातीचे कळफलक-वाद्यासाठीचे सोनाटा ५५५. बाखच्या रचनांची सूची हजाराच्या पुढे जाते आणि टेलेमानची तीन हजारांच्या. या यादीत आर्कान्जेलो कोरेलीचे नाव घातले की आकडा एकदम खाली येतो : बहात्तर. प्रत्येकी बारा रचनांचे सहा संग्रह, बस्स. ऑपेरा नाही, ऑरेटोरिओ नाही, गाण्यासाठी लिहिलेले काही नाही. या सहा संग्रहांबाहेरच्या, पण खात्रीने त्याच्याच म्हणून मानल्या जाणाऱ्या रचना बोटांवर मोजता येतील एवढ्याच.

आणि तरीही अठराव्या शतकात युरोपात व्हायोलिन हातात घेणारा क्वचितच कोणी असा असेल, की जो कोरेलीच्या पानांवरून गेला नाही. लंडनच्या संगीत-मंडळांत, जर्मन राजदरबारांत, पॅरिसच्या दिवाणखान्यांत ती पाने होती. अमेरिकेत टॉमस जेफरसनच्या संग्रहात ती होती. पेकिंगच्या दरबारात राहिलेल्या तेओदोरिको पेद्रिनी या इटालियन धर्मोपदेशकाने व्हायोलिनचे बारा सोनाटा लिहिले, तेही कोरेलीचाच कित्ता समोर ठेवून.

इतक्या थोड्या लेखनाचा एवढा प्रभाव कसा पडला? ‘तो थोर होता’ हे उत्तर पुरेसे नाही. थोर असूनही विस्मरणात गेलेले पुष्कळ आहेत. माझ्या मते याची कारणे तीन. त्याचे संगीत इतरांना शिकता येईल असे होते, ते छापून सर्वत्र पोहोचले, आणि त्याने पानावर दुसऱ्यासाठी जागा मोकळी ठेवली. तिसऱ्या कारणाकडे आपल्याकडच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण ते आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमगेल.

फुसिन्यानो ते रोम

कोरेलीचा जन्म १७ फेब्रुवारी १६५३ रोजी रावेन्नाजवळच्या फुसिन्यानो या लहान गावी झाला. त्याच्या जन्माआधी जेमतेम पाच आठवडे त्याचे वडील वारले होते. त्यांचेच नाव, आर्कान्जेलो, या पाचव्या अपत्याला ठेवण्यात आले. घर जमीनजुमल्याचे, खाऊनपिऊन सुखी होते. पोटासाठी वाद्य हाती घेण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. सुरुवातीचे धडे आसपासच्या गावांत गिरवून तो १६६६ च्या सुमारास बोलोन्याला गेला. त्या काळी बोलोन्या हे तंतुवाद्यांच्या संगीताचे मोठे पीठ होते. सान पेत्रोनिओच्या भव्य चर्चमध्ये वाद्यसंगीताची परंपरा जोरात होती आणि १६६६ मध्येच तेथे ‘अकाडेमिया फिलार्मोनिका’ ही संगीतकारांची संस्था स्थापन झाली होती. १६७० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कोरेली तिचा सदस्य झाला.

१६७५ पर्यंत तो रोममध्ये आलेला दिसतो. त्या वर्षी एका चर्चमधील ऑरेटोरिओसाठी वाजवणाऱ्या व्हायोलिनवादकांच्या यादीत त्याचे नाव आहे. पुढची जवळजवळ चार दशके त्याने रोममध्येच काढली. मात्र पहिल्या काही संग्रहांच्या मुखपृष्ठावर तो स्वतःला अभिमानाने ‘बोलोन्याचा’ म्हणवून घेत असे.

रोममध्ये तेव्हा संगीताला आश्रय होता तो चर्चचा आणि चर्चमधील धनाढ्यांचा. पहिली मोठी आश्रयदाती मात्र एक राणी होती. स्वीडनची क्रिस्टिना हिने १६५४ मध्ये सिंहासन सोडले, कॅथलिक पंथ स्वीकारला आणि ती रोममध्ये येऊन राहिली. तिचा प्रासाद म्हणजे विद्वान आणि कलावंतांचा अड्डाच होता. कोरेलीचा पहिला संग्रह, ओपस १, १६८१ मध्ये तिलाच अर्पण झाला. १६८७ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या राजदूताच्या स्वागतासाठी तिच्या प्रासादात मोठा कार्यक्रम झाला. संगीत बेर्नार्दो पास्क्विनीचे होते. शंभर गायक आणि दीडशे तंतुवादकांचा तो ताफा होता आणि वाद्यवृंदाचे नेतृत्व कोरेलीकडे होते.

पुढे कार्डिनल बेनेदेत्तो पाम्फिली आणि त्यानंतर कार्डिनल पिएत्रो ओत्तोबोनी यांच्या आश्रयाला तो होता. ओत्तोबोनी हा पोप आठवा अलेक्झांडर याच्या कुटुंबातला, वयाने तरुण आणि हाताने सढळ. त्याच्या प्रासादात कोरेली नोकरासारखा नव्हे, घरच्या माणसासारखा राहिला. सोबत होता मात्तेओ फोर्नारी, त्याचा शिष्य आणि आयुष्यभराचा साथीदार. कोरेली पहिले व्हायोलिन वाजवी, फोर्नारी दुसरे. या स्थैर्याचा त्याच्या लेखनाशी थेट संबंध आहे. व्हेनिसमधील विवाल्डीला संस्थेसाठी आणि नाट्यगृहांसाठी सतत नवे लिहावे लागे. कोरेलीला तशी घाई नव्हती. तो लिहायचा, वाजवून पाहायचा, बदलायचा आणि समाधान झाले तरच छापायला द्यायचा.

तीन आवाजांचे व्याकरण

सहांपैकी पहिले चार संग्रह (१६८१, १६८५, १६८९ आणि १६९४) ‘त्रिसोनाटां’चे आहेत. नावात तीन असले तरी वादक सहसा चार लागतात. दोन व्हायोलिन हे वरचे दोन आवाज. तिसरा आवाज खर्जाचा. तो चेलोसारख्या वाद्यावर वाजतो आणि तोच आधार धरून ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्डवाला वरची स्वरसंगत भरतो. ही संगत पूर्ण लिहिलेली नसे. खर्जाच्या स्वरांवर काही आकडे असत. त्यांवरून वादकाने ती तिथल्या तिथे सजवायची. यांतील ओपस १ आणि ३ चर्चसाठीच्या धाटणीचे आहेत आणि त्यांत बहुधा संथ आणि जलद भाग आळीपाळीने येतात. ओपस २ आणि ४ दिवाणखान्यासाठीचे. त्यांत नृत्यांच्या चाली आहेत.

या संगीतातली दोन वैशिष्ट्ये आपल्या सरगमीच्या आधाराने सांगता येतील.

पहिले, दोन व्हायोलिनमधले घर्षण. समजा, पहिले व्हायोलिन सा धरून थांबले आहे. दुसरे त्याच्या वर रे लावते. दोन लगतचे स्वर एकाच वेळी ऐकू आले की कानाला खुपते. मग पहिले व्हायोलिन सा वरून खालच्या नी वर उतरते आणि ताण सुटतो. पण दुसऱ्याचा रे अजून चालूच आहे. आता पहिले उडी मारून त्याच्याही वर, गंधारावर जाते. पुन्हा घर्षण, या वेळी खाली उतरण्याची पाळी दुसऱ्याची. असे एकमेकांच्या खांद्यावरून उड्या मारत दोन्ही आवाज वर चढत जातात. तपशील इतका साधा, पण ऐकताना श्वास अडकतो आणि सुटतो. ही युक्ती कोरेलीने शोधली असे नाही. पण त्याने ती इतक्या नेटकेपणाने वापरली की तिच्याशी त्याचेच नाव जोडले गेले.

दुसरे वैशिष्ट्य पलट्याशी नाते सांगणारे आहे. आपण ‘सारेग, रेगम, गमप’ असा एकच आकृतिबंध पायरीपायरीने पुढे नेतो. कोरेलीही एखादा छोटा स्वरसमूह घेऊन तो एकेक पायरी खाली किंवा वर सरकवतो. फरक असा, की त्याच्याकडे खाली खर्जाचीही एक ठरलेली वाट असते. बहुतेकदा ती पंचमाच्या नात्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर जाते आणि फिरून षड्जावर येते. त्यामुळे श्रोत्याला आपण घरापासून किती दूर आलो आणि आता परतीला लागलो, हे शब्दांवाचून कळते. मूळ स्वराभोवती सगळी रचना बांधण्याची ही पद्धत सतराव्या शतकभर हळूहळू घडत होती. कोरेलीच्या रचनांत ती इतकी स्वच्छ दिसते की पुढच्या पिढ्यांनी त्या व्याकरणाच्या पुस्तकासारख्या वाचल्या.

सगळेच त्याच्यासमोर माना तुकवत होते असे मात्र नाही. १६८५ मध्ये ओपस २ मधल्या तिसऱ्या सोनाटात त्याने लागोपाठ पंचम वापरून नियम मोडल्याचा आक्षेप बोलोन्याच्या संगीतकारांनी घेतला. ज्या गावाचे नाव तो मिरवत होता, तिथूनच हा आक्षेप यावा हे त्याला झोंबले. त्याने पत्राने ठणकावून उत्तर दिले आणि रोममधल्या जाणकारांचे मतही आपल्या बाजूने उभे केले. एका छोट्या जागेवरून दोन शहरांत वाद पेटावा, यावरून ही पाने किती बारकाईने वाचली जात होती हेही समजते.

मोकळे पान

सर्वांत दूरवर गेला तो पाचवा संग्रह. एक व्हायोलिन आणि खर्ज यांसाठीचे बारा सोनाटा असलेल्या ओपस ५ च्या अर्पणपत्रिकेवर तारीख आहे १ जानेवारी १७००. म्हणजे हा संग्रह नव्या शतकाच्या उंबरठ्यावरच अवतरला. १८०० पर्यंत त्याच्या चाळीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

मी युरोपीय स्वरलिपी वाचायला चाळिशीनंतर, पुस्तके समोर ठेवून शिकले. त्यामुळे असेल, पण मूळ आवृत्तीच्या छायाप्रतीत मला आधी डोळ्यांना जाणवला तो पानाचा रितेपणा. जलद भागांत स्वरांची दाटी आहे. संथ भागांत मात्र लांब लांब स्वर आहेत, एकेका ओळीत थोडेच. व्हायोलिनची अवघड कसरत येथे नाही. डावा हात पट्टीवर तिसऱ्या स्थानाच्या पलीकडे सहसा जातच नाही. एवढ्यावर हा मनुष्य युरोपभर कसा गाजला असेल, असा प्रश्न पडावा असे ते पान आहे.

उत्तर असे, की ते लांब स्वर जसेच्या तसे वाजवायचे नसतात. त्या काळचा चांगला इटालियन वादक संथ भागातली ओळ सांगाडा मानत असे आणि दोन स्वरांमधली जागा ताना, मुरक्या, कंप यांनी भरत असे. आपल्याकडच्या विलंबित बंदिशीसारखेच हे आहे. ख्यालाची अस्थाई दोन ओळींची असते. वहीत ती चार बोटांच्या जागेत मावते. तीच गवयाच्या गळ्यातून अर्धा-पाऊण तास उलगडते. वहीतली बंदिश म्हणजे ख्याल नव्हे, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. कोरेलीचे पानही असेच वाचले पाहिजे. फरक एवढाच, की त्याच्याकडे खर्जाची चौकट ठरलेली आहे; ओळीची लांबी वादकाला वाढवता येत नाही, तिच्या पोटातच काय ते करायचे.

मग कोरेली स्वतः काय भरत होता? ही उत्सुकता त्याच्या हयातीतच एवढी होती की १७१० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचा प्रकाशक एस्तिएन रोजे याने पहिल्या सहा सोनाटांच्या संथ भागांची ‘सजवलेली’ आवृत्ती काढली आणि ही सजावट खुद्द कोरेलीची, तो वाजवतो तशी, असे जाहीर केले. पानावर साध्या ओळीच्या डोक्यावर सजवलेली ओळ छापली आहे. साध्या ओळीत जिथे एक स्वर, तिथे वर दहा-बारा बारीक स्वरांची लड. ही सजावट खरोखर त्याचीच का, याबद्दल इंग्लंडमधले संगीतप्रेमी लेखक रॉजर नॉर्थ यांनी त्या काळीच शंका घेतली होती. अभ्यासकांत ती चर्चा पुढेही होत राहिली.

मला स्वतःला त्या वादापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. याच सोनाटांसाठी इतर वादकांनी केलेल्या सजावटी आज उपलब्ध आहेत. फ्रान्चेस्को जेमिनियानीने नवव्या सोनाटासाठी केलेली सजावट जॉन हॉकिन्स यांनी १७७६ च्या आपल्या संगीत-इतिहासात छापली. जेमिनियानीचा शिष्य मॅथ्यू दुबूर्ग याचीही सजावट हस्तलिखितात टिकली आहे. १७४२ मध्ये डब्लिनला हँडेलचा ‘मसाया’ प्रथम सादर झाला तेव्हा वाद्यवृंदाचे नेतृत्व करणारा तो हाच. या सजावटी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्यातच सगळे आले. कोरेलीची रचना म्हणजे एक भेट होती : ही चौकट, आता तू भर. एका बंदिशीत अनेक गवई आपापला चेहरा पाहतात, तसे तीन पिढ्यांचे वादक या बारा सोनाटांत स्वतःला शोधत राहिले.

छापखाना आणि शिष्य

सांगाडा उत्तम असला तरी तो दुसऱ्याच्या हाती पडला पाहिजे. तिथे काळ कोरेलीच्या मदतीला आला. इटलीत संगीत बहुधा सुट्या खिळ्यांनी छापले जाई. त्यात जलद स्वर जोडून दाखवता येत नसत, पान वाचायला किचकट होई, आणि एकदा खिळे सोडले की पुन्हा छापण्यासाठी सगळी जुळणी नव्याने करावी लागे. ओपस ५ मात्र कोरीव पत्र्यावरून छापले गेले. रोजेही तांब्याच्या पत्र्यांवर संगीत कोरून घेई. पाने सुवाच्य निघत. शिवाय पत्रे जपून ठेवता येत आणि मागणी येईल तशा प्रती काढता येत. लंडनमध्ये जॉन वॉल्शने ओपस ५ ची आपली आवृत्ती त्याच वर्षी, १७०० मध्ये, बाजारात आणली. दुसऱ्या देशात छापलेल्या संगीतावर लेखकाचा काहीही हक्क चालत नसे. कोरेलीच्या हाती त्यातून पैसा आला नाही. नाव मात्र सर्वदूर गेले.

दुसरी वाट शिष्यांची. तूरिनच्या दरबाराने जोवान्नी बात्तिस्ता सोमिस या तरुणाला शिकण्यासाठी रोमला पाठवले. परतल्यावर सोमिसने जे शिष्य घडवले त्यांत फ्रेंच व्हायोलिन-परंपरेचा पाया घालणारा लक्लेर होता आणि पुन्यानीही होता. पुन्यानीचा शिष्य विओत्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस आणि लंडन गाजवणारा आणि नव्या फ्रेंच वादकांचा आदर्श ठरलेला तो हाच. जेमिनियानी १७१४ मध्ये लंडनला स्थायिक झाला. गुरूच्या ओपस ५ चे त्याने वाद्यवृंदासाठी रूपांतर केले आणि १७५१ मध्ये व्हायोलिनवादनावर इंग्रजीत महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. पिएत्रो कास्त्रुच्ची हँडेलच्या ऑपेरा-वाद्यवृंदाचा अग्रणी झाला. आपण घराण्याची वंशावळ काढतो तशी ही काढता येते, आणि ती एका शतकात रोमपासून तूरिन, पॅरिस, लंडन अशी पसरते.

शेवटचा संग्रह

वाद्यवृंदाची कोरेलीची कल्पनाही अशीच पुढे गेली. दोन व्हायोलिन आणि चेलो यांचा छोटा गट एकीकडे, सगळा ताफा दुसरीकडे, आणि दोघांत संवाद : हा ‘कॉन्सर्टो ग्रोसो’. गेओर्ग मुफाट हा संगीतकार १६८० नंतरच्या एक-दोन वर्षांत रोममध्ये असताना त्याने कोरेलीच्या अशा रचना प्रत्यक्ष ऐकल्या होत्या. आपल्याला प्रेरणा कोठून मिळाली, हे त्याने पुढे १७०१ च्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. म्हणजे या रचना छापल्या जाण्याच्या तीस वर्षे आधीपासून कोरेली त्या पद्धतीचे लेखन करत होता.

१७०६ मध्ये पास्क्विनी आणि अलेस्सांद्रो स्कार्लाती यांच्याबरोबर त्याला रोमच्या ‘आर्काडिया’ या साहित्य-मंडळात घेण्यात आले. पुढच्याच वर्षी विशीतला हँडेल रोमला आला. त्याच्या एका रचनेच्या वेळी कोरेलीला अपेक्षित जोम साधेना, तेव्हा हँडेलने त्याच्या हातातले व्हायोलिन हिसकावून वाजवून दाखवले आणि कोरेलीने शांतपणे, ही फ्रेंच धाटणी आपल्याला अवगत नाही, असे सांगितले. ही गोष्ट हँडेलच्या १७६० मधील चरित्रात आहे. अर्धशतकानंतर लिहिलेली म्हणून ती आख्यायिका समजूनच वाचावी. खात्रीची गोष्ट अशी, की १७०८ च्या ईस्टरला हँडेलचा ‘ला रेझुरेझिओने’ सादर झाला तेव्हा चाळीसच्या वर वादकांचा वाद्यवृंद कोरेलीच्याच नेतृत्वाखाली होता.

त्यानंतर तो जाहीर वादनातून जवळजवळ निवृत्त झाला आणि ओपस ६ च्या बारा कॉन्सर्टोंवर हात फिरवत बसला. अर्पणपत्रिका डिसेंबर १७१२ मध्ये लिहून झाली आणि ८ जानेवारी १७१३ रोजी तो गेला. मागे शंभराहून अधिक चित्रांचा संग्रह होता. व्हायोलिन आणि नव्या संग्रहाचे हस्तलिखित त्याने फोर्नारीच्या स्वाधीन केले होते. त्याला रोमच्या पँथिऑनमध्ये पुरले. चित्रकार राफाएलचीही समाधी तिथेच आहे. ओपस ६ अ‍ॅमस्टरडॅमहून रोजेने १७१४ मध्ये काढला. त्यातला आठवा, नाताळच्या रात्रीसाठी लिहिलेला कॉन्सर्टो आजही दर डिसेंबरमध्ये जगभर वाजतो.

नंतरचे ऋण

पुढच्यांनी हे ऋण उघडपणे मान्य केले. बाखने ओपस ३ मधल्या चौथ्या सोनाटातील विषय घेऊन ऑर्गनसाठी फ्यूग लिहिला. कूपरँने १७२४ मध्ये कोरेलीच्या स्वर्गारोहणाचे चित्र रंगवणारी रचना छापली. तार्तिनीने ओपस ५ मधल्या एका गावोतवर गजाच्या अभ्यासासाठी रूपांतरांची मालिकाच बांधली. हँडेलने १७३९ मध्ये बारा कॉन्सर्टो ग्रोसो लिहिले. तोही संग्रह ओपस ६ म्हणूनच छापला गेला. १९५३ मध्ये, कोरेलीच्या जन्माला तीनशे वर्षे झाली तेव्हा, मायकेल टिपेटने त्याच्या विषयावर फँटसी लिहिली. त्याआधी १९३१ मध्ये राखमानिनोव्हने ‘कोरेलीच्या विषयावरील रूपांतरे’ पियानोसाठी रचली. गंमत अशी, की तो विषय कोरेलीचा नाहीच. ‘ला फोलिया’ ही आयबेरियाची जुनी चाल. कोरेलीने ओपस ५ च्या शेवटी तिच्यावर रूपांतरे लिहिली आणि पुढे ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

यापेक्षाही मोठी गोष्ट मला एका नियमात दिसते. १७७६ मध्ये लंडनला ‘प्राचीन संगीता’च्या मैफली सुरू झाल्या. वीस वर्षांच्या आतले काहीही वाजवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. तोवर युरोपात संगीत हे ताज्या भाजीसारखे होते. नवे आले की जुने फेकायचे. या मैफलींत हँडेलच्या जोडीने कोरेली नियमित वाजत राहिला. विवाल्डीची हस्तलिखिते १९२० च्या दशकात उजेडात येईपर्यंत तो बहुतांशी विसरला गेला होता. बाखच्या मोठ्या रचनांना मेंडेल्सनची वाट पाहावी लागली. कोरेलीला मात्र कोणी शोधून काढावे लागले नाही. वादकाच्या मांडीवरून त्याचे पान कधी खाली उतरलेच नव्हते.

आपल्याकडे एखाद्या बुवांची थोरवी सांगताना त्यांना किती बंदिशी येत होत्या, याचा आकडा सांगायची पद्धत आहे. तो आकडा मोठाच असतो आणि मानाचाही असतो. कोरेलीने मला दुसरा हिशेब शिकवला. रचनाकाराने किती लिहिले यापेक्षा, त्याच्या लिहिण्यातून किती हात वाजवते झाले हे मोजावे. त्या मापाने ही बहात्तरची संख्या अजून वाढतेच आहे; कारण आजही कुठला तरी वादक त्यातला एक लांब, मोकळा स्वर समोर ठेवतो आणि आता इथे काय भरू, असा विचार करू लागतो.